तोड, तपासणी आणि नकाराचा अधिकार

उभे, जिवंत झाड तोडणे धर्माला धरून आहे की नाही, या प्रश्नाला भारतीय परंपरेने एकच एक उत्तर कधी दिले नाही, आणि ही गोष्ट त्या परंपरेच्या प्रामाणिकपणाची खूण मानावी लागते. कारण ज्यांनी झाडात जीव मानला, त्यांनीच त्याच्या लाकडाचे यज्ञस्तंभ, रथ, देवळांची दारे आणि देवांच्या मूर्तीही घडवल्या. महाभारताच्या शांतिपर्वात भृगू आणि भरद्वाज यांच्या संवादात वृक्षांना स्पर्श, श्रवण, गंध यांची जाणीव असल्याचे तर्काने सिद्ध केले आहे, तर मनुस्मृतीत फळझाड तोडणाऱ्याला ऋचांच्या जपाचे प्रायश्चित्त सांगितले आहे. परंतु प्रायश्चित्त सांगितले याचाच अर्थ असा की तोड होत होती, ती होतच राहणार हे गृहीत होते, आणि प्रश्न उरला होता तो तिच्या रीतीचा व मर्यादेचा. आधुनिक वनशास्त्राने याच प्रश्नाला हिशोबाचे उत्तर दिले. जंगलात ठरावीक काळात जेवढे लाकूड नव्याने वाढते तेवढेच, किंवा त्याहून कमी, काढून घ्यावे, या तत्त्वाला शाश्वत तोड म्हणतात, आणि त्याची पहिली ठळक मांडणी १७१३ साली हान्स कार्ल फॉन कार्लोवित्स या जर्मन खाण-अधिकाऱ्याने आपल्या ग्रंथात केली, तीही खाणींना लागणारे लाकूड संपत चालले म्हणून. हिशोबाच्या या उत्तरात पापपुण्याला जागा नाही असे सामान्यतः समजले जाते. तो समज कितपत खरा आहे, आणि लाकडाची तपासणी ही निव्वळ मोजदाद आहे की तिच्यात एखादा नैतिक व्यवहार दडलेला आहे, हे पाहण्याजोगे आहे.

हा विचार जंगलापासून दूर राहणाऱ्या माणसाच्या बाजूने करणे अधिक बोधक ठरते, कारण आज लाकूड वापरणारे बहुसंख्य लोक तसेच आहेत. सोलापूरहून अक्कलकोटकडे जाणाऱ्या रस्त्यावरचे, दक्षिण सोलापूर तालुक्यातील कुंभारी हे गाव या दृष्टीने चांगले उदाहरण आहे. हा मुलूख अवर्षणप्रवण. सागाचे किंवा ऐनाचे जंगल येथे नाही, बांधावर कडुनिंब आणि बाभूळ आहे, आणि सुताराने पिढ्यान्‌पिढ्या औते व गाड्यांची चाके केली ती बहुधा याच बाभळीची. तरीही कुंभारीचा दूरच्या जंगलाशी रोजचा संबंध आहे. २००६ साली येथे विडी कामगार स्त्रियांसाठी गोदूताई परुळेकर यांच्या नावाने दहा हजार घरांची वसाहत उभी राहिली, आणि १९ जानेवारी २०२४ रोजी रे नगर या दुसऱ्या मोठ्या वसाहतीतील पंधरा हजार घरांचे लोकार्पण झाले. विडीला लागणारे तेंदूचे पान विदर्भातील आणि शेजारच्या राज्यांतील जंगलांतून येते; आणि ज्या टेंभुर्णीचे ते पान, ते झाड आबनुसाच्या कुळातले, कठीण लाकडाचे, मध्य भारताच्या पानझडी जंगलात सागाच्या शेजारी वाढणारे आहे. ओल्या फडक्यात मऊ केलेले पान पत्र्याच्या मापावर कातरून, त्यात जर्दा भरून दोरा बांधणाऱ्या बाईच्या मांडीवरच्या सुपात गडचिरोलीचे जंगल रोज येऊन पडते, असे म्हणण्यात अतिशयोक्ती नाही.

विडी कामगारांच्या या वसाहतीला तपासणी म्हणजे काय हेही नेमके ठाऊक आहे, मात्र ते खालच्या बाजूने. दिवसभर वळलेल्या विड्या जमा करताना तपासणारा माणूस त्यांतल्या काही सदोष ठरवून बाजूला टाकतो. त्याला छाट म्हणतात, आणि छाटीत गेलेल्या विडीची मजुरी बुडते, म्हणूनच छाटीचा प्रश्न विडी कामगारांच्या लढ्यांत पुन्हा पुन्हा आला. येथे तपासणाऱ्याच्या हातात नकार आहे आणि तो वापरणे त्याला अतिशय सोपे आहे, कारण त्या नकाराचे मोल दुसरा कोणीतरी चुकवतो. जंगलातील तपासणीत परिस्थिती नेमकी उलटी असते: तेथे नाही म्हणणाऱ्यालाच ते महाग पडते. हा फरक पुढील सर्व विवेचनाचा कणा आहे.

अहिंसेची भूमिका प्रथम पाहावी. जैन आचारशास्त्रात झाड हा एकेंद्रिय जीव, म्हणजे केवळ स्पर्श जाणणारा जीव, मानला जातो, आणि श्रावकाने टाळावयाच्या ज्या पंधरा उपजीविका सांगितल्या आहेत त्यांना कर्मादान म्हणतात; त्यांत कोळसा पाडण्याच्या अंगारकर्माबरोबर जंगलतोडीचे वनकर्मही आहे. बौद्ध विनयातही भिक्षूने वनस्पतीचा नाश करू नये असा नियम असून त्याच्या मुळाशी आळवी येथील भिक्षूने झाड तोडताना तेथील देवतेच्या मुलाला इजा केल्याची कथा आहे. या भूमिकेची नैतिक उंची मान्य केली तरी तिच्यात एक अडचण राहते, ती अशी की निषिद्ध ठरतो तो व्यवसाय, वस्तू नव्हे. लाकूड घरात येतच राहते आणि दोष मात्र कुऱ्हाड धरणाऱ्याच्या पदरात सरकतो. जैन विचारानेच ही पळवाट बंद केली आहे, हे विशेष लक्षात घ्यावे. स्वतः केलेले, दुसऱ्याकडून करवलेले आणि केल्याला अनुमोदन दिलेले, अशा तिन्ही प्रकारांनी कर्म लागते, असे तो विचार सांगतो. त्यामुळे वखारीतून सागाची चौकट विकत घेणारा माणूस, तो सोलापुरात असो की मुंबईत, तोडीच्या कर्मातून सुटत नाही.

सोलापूरच्या मातीला अधिक जवळची असलेली शरणांची, म्हणजे शिवभक्तांची, परंपरा या प्रश्नाकडे वेगळ्या बाजूने जाते. बाराव्या शतकात सिद्धरामेश्वरांनी सोलापुरात तळे खोदवले, आणि संक्रांतीच्या यात्रेत आजही कुंभारकन्येचा विवाह त्यांच्या योगदंडाशी लावला जातो. त्याच शतकातील शरणांनी कायक, म्हणजे प्रामाणिक श्रमाने केलेली उपजीविका, हीच पूजा मानली. त्यांच्यात मोळिगे मारय्या हे सरपणाच्या मोळ्या विकून जगणारे होते, आणि बाचिकायकद बसवण्णा हे तासणी चालवणारे सुतार होते. जैन यादीने ज्या हाताला दूर ठेवले त्या हाताला कायकाने मान दिला. पण मान देताना अटही घातली, आणि ती अट आयदक्की मारय्या व लक्कम्मा यांच्या कथेत दिसते: सांडलेले तांदूळ वेचून आणणाऱ्या नवऱ्याने एके दिवशी गरजेपेक्षा जास्त आणले, तेव्हा लक्कम्मेने त्याला ते परत टाकून येण्यास सांगितले. माप चुकले की कायक कायक राहत नाही. शाश्वत तोडीचे सबंध गणित या एका घरगुती प्रसंगात आहे, फरक एवढाच की येथे मोजणारी आणि नाकारणारी व्यक्ती उंबऱ्याच्या आत बसलेली आहे.

आता तोडीच्या रीतीकडे वळता येते. वैदिक यज्ञात पशू बांधण्यासाठी जो लाकडी खांब लागे त्याला यूप म्हणत, आणि तो तोडण्याचा विधी ब्राह्मणग्रंथांत सविस्तर आला आहे. अध्वर्यू, म्हणजे यज्ञाचे प्रत्यक्ष काम करणारा पुरोहित, इतर झाडांना ओलांडून निवडलेल्या झाडाशी जातो आणि तसे त्या झाडाला सांगतो. घाव पडण्याच्या जागी दर्भाची काडी धरून झाडाचे रक्षण व्हावे आणि कुऱ्हाडीने त्याला इजा करू नये अशी प्रार्थना करतो. आणि झाड पडल्यावर बुंध्यावर तुपाची आहुती देऊन ते शंभर फुटव्यांनी पुन्हा वाढावे अशी इच्छा व्यक्त करतो. शतपथ ब्राह्मणात एक अत्यंत व्यवहारी सूचनाही आहे: खुंट इतका खाली ठेवावा की गाडीचा आस त्याला अडू नये. सागाच्या कूपात, म्हणजे एका वर्षाच्या तोडीसाठी आखलेल्या जंगलाच्या तुकड्यात, आजही खुंट जमिनीलगत ठेवण्याचा, तो किंचित उतरता व गुळगुळीत तासण्याचा आणि साल सुटू न देण्याचा आग्रह धरला जातो, कारण साग खुंटातून फुटतो, आणि पाणी साचून कुजलेल्या किंवा साल फाटलेल्या खुंटाला नीट फुटवा येत नाही. मंत्राने मागितलेली गोष्ट आणि वनरक्षकाने बजावलेली गोष्ट खुंटाशी येऊन एकच होते.

सहाव्या शतकातील वराहमिहिराच्या बृहत्संहितेत तर लाकूड-तपासणीची पूर्ण पद्धतच आढळते. मूर्तीसाठी लाकूड आणायला वनात जाताना स्मशानातले, वाटेवरचे, देवळाजवळचे, वारुळावरचे, आश्रमातले आणि नद्यांच्या संगमावरचे झाड घेऊ नये. वाकडे, वेलींनी वेढलेले, विजेने वा वाऱ्याने मोडलेले, वाळलेले, मधमाश्यांचे पोळे असलेलेही घेऊ नये. योग्य झाड सापडल्यावर रात्री त्याची पूजा करून, त्यावर राहणाऱ्या भूतमात्रांनी बळी स्वीकारून दुसरीकडे वस्तीला जावे अशी विनंती करावी, आणि पहाटे मधतूप लावलेल्या कुऱ्हाडीने ईशान्येकडून पहिला घाव घालावा. झाड कोणत्या दिशेला पडते ते पाहावे, कापलेल्या लाकडात रंगीत मंडले दिसली तर त्यांवरून आत बेडूक, घोरपड, साप किंवा पाणी असल्याचे ओळखावे. या यादीतून प्राचीनांचे पर्यावरणज्ञान सिद्ध करण्याचा मोह अनेकांना होतो. तो आवरलेला बरा. वराहमिहिराला चिंता होती ती मूर्ती करवणाऱ्याच्या शुभाशुभाची, जंगलाच्या वाढीची नव्हे, आणि लाकडातील पिवळ्या मंडलाचा घोरपडीशी काही संबंध नाही. मोलाची आहे ती या विधीची रचना. एका रात्रीचा थांबा, वस्तीला असलेल्यांना दिलेली सूचना, आणि अपशकुन झाला तर कुऱ्हाड खाली ठेवून परत फिरण्याची तयारी, या तिन्ही गोष्टी मिळून झाडाला किंवा त्याच्या रहिवाशांना नाही म्हणण्याची जागा ठेवतात.

कोकणातील आणि सह्याद्रीतील देवरायांत हीच जागा कौल या रूपाने टिकली. देवराई म्हणजे ग्रामदेवतेच्या नावाने राखलेले रान; अशा रानांची शास्त्रीय नोंद वा. द. वर्तक आणि माधव गाडगीळ यांनी १९७० च्या दशकात केली. देवळाच्या दुरुस्तीसाठी राईतले झाड हवे असेल तर देवाला कौल लावतात. मूर्तीला चिकटवलेल्या कळ्या किंवा तांदूळ उजवीकडून पडले तर होकार, डावीकडून पडले तर नकार. कौल लावणारा गुरव किंवा मानकरी त्यात लबाडी करू शकतो, हा आक्षेप खरा आहे, आणि जीर्णोद्धाराच्या नावाखाली रायांतले जुने वृक्ष गेल्याची उदाहरणेही थोडी नाहीत. पण लबाडी करावी लागते हेच नकाराच्या अस्तित्वाचे प्रमाण आहे. जेथे नकार शक्यच नसतो तेथे लबाडीचीही गरज पडत नाही.

नकाराचा हाच अधिकार देवाकडून माणसाकडे आणल्याचे उत्तम मराठी उदाहरण रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात आहे. १७१५ च्या सुमारास लिहिलेल्या या राजनीतिग्रंथात आरमारासाठी लागणाऱ्या लाकडाचा विचार केला आहे: अरण्यातला साग हुजूर परवानगीने तोडावा, अधिक लागेल ते परमुलखातून विकत आणावे, परंतु आंबा, फणस यांना हात लावू देऊ नये, कारण रयतेने ही झाडे पोटच्या पोरासारखी दीर्घकाळ वाढवलेली असतात, एखादे झाड जीर्ण होऊन कामातून गेले असेल तर धन्याला राजी करून, पैसे देऊन, त्याच्या संतोषानेच घ्यावे, बळजबरी सर्वथा करू नये. येथे झाडाचा जीव आणि रयतेचे मन यांची सांगड घातलेली आहे, आणि संमती ही राज्याच्या गरजेपेक्षा वरची ठरवली आहे. महाराष्ट्राच्या १९६४ च्या वृक्षतोड नियमन कायद्याच्या अनुसूचीत सागाबरोबर आंबा, फणस, चिंच, मोह, हिरडा ही नावे आहेत, ती पाहता ही दृष्टी अगदीच लोपली नाही असे म्हणता येते. पण कायद्यात परवानगी आता सरकारकडून रयतेला मिळते, आज्ञापत्रात ती रयतेकडून सरकारला मागितली जात होती.

इंग्रजी अमलात वनव्यवस्थापनाचा पाया घातला तो डीट्रिख ब्रँडिस या जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञाने. १८५६ साली ब्रह्मदेशातील पेगूच्या सागवनांची जबाबदारी घेतल्यावर तो हत्तीवरून जंगलात हिंडत, बांबूच्या तुकड्यांवर चाकूने खाचा पाडून घेरानुसार झाडे मोजत असे, आणि त्या खाचांतूनच कार्य आयोजना, म्हणजे जंगलाच्या एखाद्या विभागात पुढील अनेक वर्षे कोठे, किती आणि कोणती झाडे काढायची याचा लेखी आराखडा, ही कल्पना भारतात रुजली. आजच्या चिन्हांकनात तोडीच्या झाडाचा घेर छातीच्या उंचीवर, म्हणजे १.३७ मीटरवर, मोजतात, साल तासून त्यावर क्रमांक घालतात, आणि बुंध्याशी, जमिनीलगत, खात्याच्या हातोड्याचा ठसा उमटवतात. ठसा खाली का, याचे उत्तर साधे आहे: लाकूड निघून जाते, खुंट राहतो, आणि नंतर येणारा तपासनीस खुंटावरचा ठसा व क्रमांक नोंदवहीशी ताडून पाहतो, ठसा नसलेला खुंट म्हणजे चोरी. प्रत्येक ओंडक्यावर क्रमांक, लांबी व घेर चढतो, पोकळी, भेगा, गाठी आणि पोखरण पाहून प्रत ठरते, वाहतूक परवान्याशिवाय तो नाक्यावरून पुढे जात नाही, आणि अखेर बल्लारशासारख्या आगारात त्याचा लिलाव होतो. भारतीय वन अधिनियम १९२७ च्या कलम ६३ नुसार हातोड्याचा खोटा ठसा उमटवणे किंवा खरा ठसा खरवडणे हा दोन वर्षांपर्यंतच्या कैदेचा गुन्हा आहे. गोदावर्मन खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १२ डिसेंबर १९९६ रोजी, केंद्र सरकारने मंजूर केलेल्या कार्य आयोजनेबाहेरची तोड देशभर थांबवली, तेव्हापासून हे कागद अधिकच वजनदार झाले.

या यंत्रणेची बारकाई कौतुकास्पद आहे, आणि तिने वाचवलेले जंगल थोडे नाही. परंतु तत्त्वाच्या दृष्टीने पाहिले तर ती मुख्यत्वे एकाच प्रश्नाचे उत्तर देते: जे तोडायचे ठरले होते तेच तोडले गेले का? जे तोडायचे ठरले ते न तोडता परत यावे का, हा प्रश्न विचारण्याची जागा तिच्यात अरुंद आहे. ओढ्याकाठचे, तीव्र उतारावरचे किंवा फळझाड म्हणून राखायचे झाड चिन्हांकनात वगळता येते खरे, पण कूपाचे उद्दिष्ट कागदावर आधीच लिहिलेले असते, मजुरांचा हंगाम पावसाआधी संपायचा असतो, आणि कूपातली निम्मी झाडे राखावीत असे ज्याला वाटेल त्या वनपालाला त्या वाटण्याचे स्पष्टीकरण वरपर्यंत द्यावे लागते. छाट करणाऱ्याला नकार फुकट मिळतो, वनपालाला तो स्वतःच्या सेवापुस्तकाच्या बळावर घ्यावा लागतो. आलेल्या प्रत्येक झाडाला होकारच देणारी तपासणी कितीही काटेकोर असली तरी ती मोजदाद आहे. परीक्षा हा शब्द तिला लावता येत नाही.

खात्याने स्वतःही हे कोठेतरी ओळखले असावे, असे आलापल्लीच्या जंगलावरून वाटते. गडचिरोली जिल्ह्यातील या प्रसिद्ध सागवनात सुमारे सहा हेक्टरांचा तुकडा १९५३ पासून तोडीतून कायमचा वगळला गेला, ग्लोरी ऑफ आलापल्ली या नावाने तो ओळखला जातो, आणि २०१४ साली त्याला राज्यातील पहिल्या जैवविविधता वारसा स्थळाचा दर्जा मिळाला. देवाचे नाव न घेता राखलेली ही देवराईच आहे. तिच्या आसपासच्या गोंड समाजात ऐनाच्या झाडाला देवाचे ठाणे मानतात, आणि ऐन हेही लाकूडबाजारातले एक नाव आहे. एकाच झाडाकडे पाहणाऱ्या या दोन नजरांची गाठ कार्य आयोजनेच्या कागदावर सहसा पडत नाही.

ती गाठ पडण्याची एक वाट याच जिल्ह्याच्या धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) या गोंड गावाने दाखवली. गावसभेत एकाचाही विरोध असेल तर निर्णय न घेता चर्चा चालू ठेवायची, ही सर्वसहमतीची रीत या गावाने अनेक वर्षे पाळली आहे. वनहक्क कायदा २००६ नुसार २००९ साली त्याला सुमारे अठराशे हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला, आणि २७ एप्रिल २०११ रोजी तत्कालीन केंद्रीय मंत्री जयराम रमेश यांच्या उपस्थितीत बांबूच्या वाहतूक परवान्यांचे पुस्तक ग्रामसभेच्या हाती आले. प्रसंग बांबूचा होता, सागाचा नव्हे, आणि सागाच्या तोडीचा अधिकार त्यातून आपोआप मिळाला असे मानणे चुकीचे ठरेल. तरीही तत्त्व स्पष्ट आहे: परवाना देणारा आणि जंगलाच्या हानीने ज्याचे रोजचे जगणे बिघडणार तो, हे दोघे येथे एकच झाले, आणि म्हणून नकार देणे हे साहस न राहता शहाणपण झाले. लक्कम्मेच्या उंबऱ्यावर जे घडले तेच येथे गावाच्या पातळीवर घडते.

याच्या उलट टोकाला २०२३ च्या मार्चमधील एक प्रसंग आहे. अयोध्येतील राममंदिराच्या दारांसाठी निवडलेले सागवान बल्लारपूर-चंद्रपूर येथून काष्ठपूजन करून, मिरवणुकीने, हजारोंच्या उपस्थितीत रवाना झाले. लाकूड सरकारी आगारातले होते, आणि भाविकांची भावना खरी होती. परंतु ही पूजा लाकूड कापून, मोजून, प्रत ठरवून झाल्यावरची होती. यूपाची आणि मूर्तिकाष्ठाची पूजा घाव पडण्यापूर्वी होत असे, कारण त्या वेळी परत फिरणे शक्य असे. आगारातल्या ओंडक्यापुढे हात जोडणे म्हणजे कृतज्ञता आहे, संमती मागणे नव्हे, आणि धर्माच्या दृष्टीने या दोन गोष्टींचे वजन सारखे नाही.

त्यामुळे उभे झाड तोडणे धर्म्य की अधर्म्य या प्रश्नाचे उत्तर कुऱ्हाडीत शोधण्यापेक्षा तिच्या आधीच्या क्षणात शोधावे लागते. ज्या तोडीला कोणीतरी, मग तो देव असो, रयत असो, ग्रामसभा असो वा ठसा न उमटवता पुढे जाणारा वनपाल असो, खरोखर नाही म्हणू शकत होता आणि तरी होकार मिळाला, ती तोड धर्म्य म्हणता येते. बाकीची फार तर कायदेशीर असते. याचा व्यवहारी अर्थ असा की चिन्हांकनाच्या नोंदवहीत तोडलेल्या झाडांबरोबर राखलेल्या झाडांचीही, कारणासह, नोंद व्हावी आणि ती लोकांना पाहता यावी. गिऱ्हाईकाच्या हातात यातले फार थोडे आहे, पण काहीच नाही असे नाही: सागाची चौकट घेताना वखारवाल्याकडे त्या लाकडाच्या वाहतूक परवान्याची प्रत मागावी, आणि ती दाखवता येत नसेल तर ते लाकूड घेऊ नये.